ग्वांगझूला सणासाठी जायचे, तर तिथी पाहून जा

ठाण्याच्या एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न असा आहे: "2027 साली आठ दिवसांसाठी चीनमधील ग्वांगझू येथे जाण्याचा विचार आहे. सोबत यंदा नववीत जाणारी मुलगी आणि सत्तरी गाठलेली, पूर्ण शाकाहारी आई असेल. नुसत्या इमारती आणि बाजार पाहण्यापेक्षा तिथला एखादा खरा सण पाहता यावा, अशी इच्छा आहे. वर्षातल्या कोणत्या सणाला जावे?"

तयार कपड्यांच्या खरेदीच्या निमित्ताने मी या शहरात चौदा वर्षे ये-जा केली, त्यांतली सहा वर्षे तिथेच बिऱ्हाड केले, आणि आता मराठी पर्यटकांचे लहान गट घेऊन तिथे जातो. आपल्या घरातली माणसे आणि मुलीची शाळा लक्षात घेता माझा सल्ला असा, की 5 जून ते 12 जून 2027 हे आठ दिवस धरावेत. त्या आठवड्यात ड्रॅगन होड्यांचा सण येतो, लिचीचा हंगाम असतो आणि आपल्याकडच्या शाळांना सुट्टी असते. हा सल्ला का दिला, आणि इतर सण का बाजूला ठेवले, हे सविस्तर सांगतो, कारण मुलगी दहावी होऊन गेल्यावर आपला विचार कदाचित वेगळा होईल.

पहिली गोष्ट कालगणनेची आहे. पारंपरिक चिनी महिना अमावास्येच्या दिवशी सुरू होतो आणि पंधराव्या दिवसाच्या सुमारास पौर्णिमा येते, त्यामुळे अमान्त पंचांग मानणाऱ्या मराठी माणसाला तो चटकन उमगतो. पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस म्हणजे साधारणपणे शुद्ध पंचमी, एवढे ध्यानात ठेवले की अर्धे काम झाले. त्यांच्याकडेही अधिक महिना असतो, परंतु तो आपल्या अधिक मासाच्या वर्षीच येईल असे नाही. त्यांचा अधिक सहावा महिना 2025 मध्ये येऊन गेला, तर आपला अधिक ज्येष्ठ 2026 मध्ये आला. म्हणूनच त्यांचा मध्य-शरद सण, म्हणजे आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा सण, 2025 मध्ये 6 ऑक्टोबरला, बरोबर आपल्या कोजागिरीच्या दिवशी आला, आणि 2027 मध्ये तोच सण 15 सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या सुमारास येतो. "हा सण फेब्रुवारीत असतो" अशा मोघम माहितीवर तिकीट काढू नये. त्या वर्षाची तिथी पाहावी आणि मगच तारीख ठरवावी.

हे मी ठेच लागून शिकलो. पहिल्या वर्षी मी एक गट नववर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळी ग्वांगझूला उतरवला, कारण नववर्षाचा सण म्हणजे नववर्षाच्या दिवशीच सारे काही असणार असे मी गृहीत धरले होते. शीहू रस्त्यावर पोहोचलो तेव्हा फुलांच्या बाजाराचे बांबूचे मांडव उतरवणे चालू होते आणि सफाई कामगार पीचच्या पाकळ्या खराट्याने ढिगात लोटत होते. जेवणासाठी उघडे उपाहारगृह शोधण्यात दुपार गेली. या शहरात राबणारी लाखो माणसे बाहेरगावची आहेत, आणि ती सगळी त्या दिवसांत आपापल्या घरी गेलेली असतात. गटातल्या मंडळींनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, पण त्यांच्या वर्षभराच्या साठवणीतले ते दिवस मी वाया घालवले, याची बोच अजूनही आहे.

फुलांचा बाजार हा नववर्षाच्या आधीचा सण आहे. कँटनी भाषेत (कँटन हे ग्वांगझूचेच जुने नाव) त्याला 'हांग फा काय' म्हणतात, म्हणजे फुलांच्या रस्त्यावरून फेरी मारणे, आणि ही फेरी मारल्याशिवाय ग्वांगझूच्या माणसाचे वर्ष सरत नाही. जुन्या प्रथेप्रमाणे तो वर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांत भरतो. 2027 चे चिनी नववर्ष 6 फेब्रुवारीला असल्यामुळे ते तीन दिवस 3 ते 5 फेब्रुवारी हे होत. शहराचा प्रत्येक विभाग आपापला बाजार भरवतो, परंतु युएश्यू विभागातल्या शीहू रस्त्यावरचा बाजार सर्वांत जुन्या वळणाचा. तिथे एकही वस्तू केवळ शोभेची नसते. कुंडीतले, फळांनी लगडलेले लहान संत्र्याचे झाड घ्यायचे, कारण त्याचे नाव 'शुभ' या अर्थाच्या शब्दासारखे ऐकू येते. घरातल्या उपवर मुलामुलींसाठी पीचची फांदी न्यायची. बोटाएवढी टोके फुटलेले, वांग्याच्या कुळातले एक पिवळेधमक फळ येते, त्याला 'एका छपराखाली पाच पिढ्या' असे नाव आहे आणि ते आजी-आजोबांसाठी घेतात. मुलांच्या हातात कागदी भिरभिरी असते, कारण ती फिरली की नशीबही फिरते. शेवटच्या रात्री उशिरा विक्रेते उरलेली झाडे मिळेल त्या भावाला देऊन टाकतात, आणि हातात अर्धवट उमललेली फांदी उंच धरून भुयारी रेल्वेने घरी निघालेली माणसे पाहणे, हे माझ्या मते त्या सणाचे सर्वांत सुंदर दृश्य आहे. त्यानंतर पंधराव्या दिवशी, म्हणजे 20 फेब्रुवारी 2027 रोजी, कंदिलांचा सण येतो आणि त्याला जोडून नगरदेवतेच्या मंदिराच्या परिसरात क्वांगफू जत्रा भरते. ही जत्रा 2011 पासूनची, शहराने नव्याने उभी केलेली आहे. सिंहनृत्य आणि कँटनी संगीत-नाट्य एकाच फेरीत पाहण्यासाठी ती चांगली आहे, एवढेच मी म्हणेन.

आता ज्या सणावर माझा सर्वांत जास्त जीव आहे, त्याविषयी थोडे लांबून सांगतो. शहराच्या पूर्वेला, ह्वांगपू विभागातल्या म्याओथौ गावात, दक्षिण समुद्राच्या देवतेचे मंदिर आहे. त्याची स्थापना इ.स. 594 मध्ये सुई राजवटीत झाली. समुद्रावर निघणारी गलबते इथे पूजा करून जात आणि परतताना पुन्हा इथे येत. हान यू या थोर साहित्यिकाने मजकूर रचलेला इ.स. 820 चा शिलालेख अजून आवारात उभा आहे, आणि पूर्वी थेट दारापर्यंत येणारी नदी आता मागे सरली असली, तरी मंदिरासमोर जुन्या धक्क्याचे दगड उघडे करून ठेवले आहेत. या मंदिराला लोक मात्र त्याच्या औपचारिक नावाने ओळखत नाहीत. ते त्याला 'बोलुओ मंदिर' म्हणतात, आणि बोलुओ म्हणजे आपला फणस.

कथा अशी सांगतात, की थांग राजवटीत भारतातल्या एका राज्याचा दूत जहाजाने इथे आला. त्याचे चिनी नाव दाशी. त्याने सोबत आणलेल्या फणसाच्या दोन बिया मंदिराच्या आवारात लावल्या आणि तो परिसर पाहण्यात इतका रमला की जहाज त्याला न घेताच निघून गेले. तो रोज किनाऱ्यावर उभा राहून, कपाळाशी हात धरून समुद्राकडे पाहत राहिला आणि तसाच उभ्या-उभ्या गेला. गावकऱ्यांनी त्याला देव मानले, चिनी अधिकाऱ्याचा पोशाख घातला आणि त्याच स्थितीत त्याची मूर्ती बसवली. सावळ्या चेहऱ्याची, दूर नजर लावलेली ती मूर्ती आजही तिथे आहे. चिनी भाषेत फणसाला 'बोलुओमी' म्हणतात, आणि बौद्ध ग्रंथांतला 'पारमिता' हा संस्कृत शब्द चिनीत लिहिताना हीच अक्षरे वापरतात. कोकणातून आलेल्या एका आजोबांना मी हे सांगितले, तेव्हा ते आवारातल्या फणसाच्या खोडावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. "एवढ्या लांब येऊन आपल्याच माणसाला भेटलो," असे ते मला म्हणाले.

या मंदिराची जत्रा दुसऱ्या चांद्र महिन्याच्या अकराव्या ते तेराव्या दिवशी भरते, आणि तेरावा दिवस मुख्य असतो. 2027 मध्ये हे दिवस 18, 19 आणि 20 मार्च आहेत. "पहिले बोलुओला जाणे, दुसरे बायको करणे" अशी तिथली म्हणच आहे. जत्रेतून घरी न्यायची वस्तू म्हणजे बोलुओ कोंबडा. मातीच्या साच्यावर कागदाचे थर चिकटवून, वाळल्यावर ते कापून काढून, पुन्हा जोडून, रंगवून आणि खरी पिसे लावून तो करतात. कोणा म्हातारीचा लाडका कोंबडा गावातल्या धनिकाने चोरून मारला, तेव्हा तिने उरलेली पिसे वेचून कागदाचा कोंबडा केला, अशी त्यामागची गोष्ट आहे. जत्रेतल्या असंख्य कोंबड्यांमध्ये एकच खरा आरवतो, असे मानतात, म्हणून गिऱ्हाईक दोन-चार कोंबडे कानाशी धरून मगच एक निवडते. मुख्य दिवशी आजूबाजूच्या गावांतून समुद्रदेवाच्या पुत्रांच्या मूर्ती मिरवत पित्याच्या भेटीला आणतात. भुयारी रेल्वेच्या तेराव्या मार्गावर मंदिराच्या नावाचे स्थानक आहे, त्यामुळे पोहोचणे सोपे आहे. तरीही आपल्याला हा सण मी सुचवत नाही, कारण मार्च महिना मुलीच्या वार्षिक परीक्षेचा आहे. शिवाय त्या दिवसांत दक्षिणेकडचे दमट वारे परत फिरतात आणि थंड राहिलेल्या भिंतींना, फरशांना अक्षरशः पाझर फुटतो. ओल्या फरशीवर वयस्कर माणसांचे पाय घसरतात, हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

एप्रिलचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा उत्तरार्ध हे दोन काळ सहलीसाठी सरळ वगळावेत. 1957 पासून वर्षातून दोनदा भरणारा कँटन मेळा 15 एप्रिलला आणि 15 ऑक्टोबरला पाझोऊ येथील प्रदर्शन केंद्रात सुरू होतो आणि तीन टप्प्यांत मेच्या व नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. व्यापाऱ्यांसाठी ती पर्वणी आहे. आपल्या मुंबईचे या शहराशी नाते मुळात व्यापाराचेच आहे: सर जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी याच कँटनला अनेकदा आले होते, आणि ह्वांगपूजवळच्या छांगझोऊ बेटावर पारशी व्यापाऱ्यांच्या कबरी आजही आहेत. परंतु मेळ्याच्या दिवसांत हॉटेलांचे दर दुप्पट-तिप्पट होतात, आणि सण पाहायला आलेल्या कुटुंबाला त्या गर्दीत काहीच मिळत नाही.

म्हणून जून. ड्रॅगन होड्यांचा मुख्य दिवस पाचव्या महिन्याचा पाचवा, म्हणजे 9 जून 2027. नदीवर होणाऱ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय शर्यतीची जाहिरात आपल्याला सगळीकडे दिसेल. ती जरूर पाहावी, पण तिच्यासाठी एवढा प्रवास करू नये. ग्वांगझूचा खरा होडी-सण गावांचा आहे. शहर वाढत गेले आणि ही गावे त्याच्या पोटात आली, तरी त्यांची कुलमंदिरे, म्हणजे घराण्याच्या पूर्वजांची मंदिरे, त्यांचे ओढे आणि त्यांच्या होड्या टिकून आहेत. लिएदे गावाची घरे 2007 मध्ये पाडली गेली आणि गावकरी उंच इमारतींत राहायला गेले. आज त्या गावाचा ओढा काचेच्या गगनचुंबी इमारतींमधून वाहतो, पलीकडे 600 मीटर उंचीचा कँटन टॉवर दिसतो, आणि त्याच ओढ्यातून लिएदेच्या होड्या ढोल वाजवत बाहेर पडतात.

या होड्या वर्षभर चिखलात पुरलेल्या असतात. त्या अतिशय जड, टणक लाकडाच्या असतात, आणि असे लाकूड उघड्यावर वाळले तर तडकते. ओढ्याच्या तळच्या गाळात हवा लागत नाही, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवसाच्या सुमारास गावातले पुरुष छातीभर पाण्यात उतरतात, हातांनी आणि बादल्यांनी गाळ उपसतात, आणि हळूहळू एक काळी, लांबच लांब कड पाण्यावर येऊ लागते. तो क्षण मी चेबेई गावात पाहिला आहे. काठावर उभ्या असलेल्या एका वृद्धाने खाली वाकून होडीच्या ओल्या कडेवर तळहात ठेवला, आणि मग नातवाचा हात धरून तो तिथे ठेवायला लावला. काठावर पूर्ण शांतता होती. होडी धुतल्यावर कुलमंदिरात जपून ठेवलेले ड्रॅगनचे लाकडी मस्तक तिला बसवतात, आणि साठ-सत्तर वल्हेकरी, मध्ये ढोल आणि झांजा, वर जरीकामाच्या छत्र्या अशी ती सजते. छत्र्यांकडे पाहून आपल्याला पालखीवरच्या अब्दागिरीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

गावोगावच्या होड्या ठरलेल्या दिवशी एकमेकांच्या गावी पाहुण्या म्हणून जातात. चेबेईचा दिवस पाचव्या महिन्याचा तिसरा, म्हणजे 7 जून 2027. त्या दिवशी इतर गावांच्या होड्या एकामागून एक ओढ्यात शिरतात, यजमान गाव फटाके लावून स्वागत करते आणि पाहुण्यांना होडीची बिस्किटे देते. काही गावे एकमेकांना भाऊ मानतात, काही मामे-आते भावंडे, आणि ही नाती शेकडो वर्षे चालत आलेली आहेत. कोकणात शिमग्याला दोन गावांच्या पालख्या भेटतात, त्या भेटीची गोडी ज्याने अनुभवली आहे, त्याला चेबेईच्या काठावर दुभाष्याची गरज पडत नाही. इथे जिंकणे-हरणे मुख्य नसते. नटून-थटून भेटीला जाणे हेच मुख्य.

एक सूचना आवर्जून करतो. कुलमंदिरासमोर शेकडो टेबले मांडून जी पंगत बसते, ती गावकऱ्यांची आणि पाहुण्या वल्हेकऱ्यांची असते. कोणी हाताला धरून बसवले तर बसावे, आपणहून बसू नये. आपल्या आईंसाठी त्या पंगतीत भाजीखेरीज फारसे काही नसेल, कारण डुकराचे मांस आणि मासळी हाच तिचा थाट असतो. पानात बांधून शिजवलेला चिकट भात, ज्याला ते झोंगझी म्हणतात, त्यातही बहुतेक वेळा मांस असते. जेवणाची सोय बौद्ध मंदिरांजवळच्या शाकाहारी उपाहारगृहांत करावी. तिथे सहसा अंडे, कांदा आणि लसूणसुद्धा वापरत नाहीत, त्यामुळे उपासाच्या वळणावर वाढलेल्या माणसालाही अडचण येत नाही.

पाऊस पडणार, हे धरूनच चालावे. या दिवसांतल्या धुवाधार पावसाला तिथे 'होड्यांचे पाणी' असे नावच आहे, आणि आपल्याकडे मृग लागतो त्याच सुमारास तो कोसळतो. छत्री गर्दीत लोकांच्या डोळ्यांना लागते, म्हणून सर्वांनी रेनकोट घ्यावेत. आईंना सकाळी आठच्या आत काठावर बसवावे आणि अकरापर्यंत परत आणावे, कारण दुपारचा उकाडा मुंबईच्या मे महिन्याला मागे टाकतो. मुलीला मात्र दुपारभर काठावर राहू द्यावे.

याच आठवड्यात लिची असते. शहराच्या ईशान्येला झंगछंग आणि त्सोंगहुआ हा लिचीचा मुलूख आहे. झंगछंगच्या 'ग्वालू' या जातीच्या एका फळाला 2002 च्या लिलावात 5,55,000 युआन मिळाले होते. आपल्याला ती जात लागत नाही. बारीक बीची 'नुओमित्सी' जूनच्या अखेरीस पिकते, म्हणून गावातल्या बाजारात त्या आठवड्यात पिकणारी 'फेइझीश्याओ' मागावी. एक दिवस त्यासाठी ठेवावा आणि एक सकाळ बोलुओ मंदिरासाठी. जत्रा नसली तरी दाशीची मूर्ती आणि फणसाची झाडे तिथे बारा महिने आहेत, आणि जूनमध्ये आवार शांत असते.

उरलेले सण थोडक्यात सांगतो. सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, 8 ऑगस्ट 2027 रोजी, झूत्सुन गावातल्या स्त्रिया तांदूळ, तीळ, धान्ये आणि कागद यांपासून केलेल्या नखाएवढ्या वस्तूंची आरास विणकर देवकन्येसमोर मांडतात आणि ताटलीत भाताची कोवळी रोपे उगवतात. ही प्रथा जवळजवळ बुजली होती आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी ती 1998 च्या सुमारास पुन्हा उभी केली. गौरीपुढची आरास मांडणाऱ्या बाईने ती एकदा तरी पाहावी. मध्य-शरद पौर्णिमेला लोक उद्यानांत कंदील घेऊन बसतात. त्या वेळी मून केक, म्हणजे या सणाचे सारण भरलेले पक्वान्न, घेताना आत खारवलेल्या अंड्याचा बलक आणि चरबी नाही ना, हे विचारून घ्यावे. हिवाळ्याच्या तोंडावरचा, 2011 साली सुरू झालेला दिव्यांचा महोत्सव डोळे दिपवणारा आहे, परंतु असे महोत्सव जगातल्या कितीतरी शहरांत होतात.

प्रवासाचे सांगायचे तर, 2020 पासून बंद असलेली थेट विमानसेवा ऑक्टोबर 2025 मध्ये कोलकाता-ग्वांगझू मार्गाने पुन्हा सुरू झाली, आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीहूनही विमान सुरू झाले. हाँगकाँगमार्गे गेल्यास वेगवान रेल्वेने तासाभरात ग्वांगझू गाठता येते, मात्र हाँगकाँगसाठी भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि चीनचा व्हिसा वेगळा लागतो. रोख पैसे फार कमी चालतात. अलीपे किंवा वीचॅट या अ‍ॅपला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड भारतातूनच जोडून घ्यावे आणि भाषांतराचे अ‍ॅपही आधीच उतरवून ठेवावे. सणाच्या दिवसांची सुट्टी चिनी लोकांनाही असते, म्हणून 8 ते 10 जूनच्या दरम्यान शहराबाहेरचा रेल्वे प्रवास ठेवू नये. रेल्वेची तिकिटे पंधरा दिवस आधी खुली होतात आणि सणाच्या वेळी ती झपाट्याने संपतात, त्यामुळे लिचीच्या बागांची सहल 11 जूनला ठेवून सुट्टी संपल्यावरच शहराबाहेर पडावे.

गावांच्या भेटींच्या तारखा पंचांगाने ठरलेल्या असल्या, तरी होड्या ओढ्यात शिरण्याची वेळ भरतीवर अवलंबून असते आणि ती गाव एक-दोन दिवस आधीच जाहीर करते. 5 जूनला पोहोचलात की दुसऱ्या दिवशी सकाळी चेबेईच्या कुलमंदिरात जाऊन यावे. दाराशी त्या वेळेचा कागद लावलेला असतो. त्याचा फोटो काढून भाषांतर करून घ्यावे, आणि 7 तारखेला त्या वेळेच्या एक तास आधी ओढ्यावरच्या पुलाजवळ जागा धरावी.